डेकवरचा खलाशी व्हायचंय? मुंबईतून पहिल्या जहाजापर्यंतची वाट

‘मर्चंट नेव्हीत जायचंय’ असं सांगत कुणी मुलगा आला की मी आधी विचारतो, अधिकारी म्हणून की क्रू म्हणून? बऱ्याच जणांना हा फरकच ठाऊक नसतो. आई-वडिलांना तर नाहीच नाही. मग एजंट जे दाखवेल ते खरं मानून पैसे भरले जातात. हा लेख क्रूच्या, म्हणजे अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या खलाशांच्या वाटेबद्दल आहे. म्हणजे दहावीनंतर जीपी रेटिंगचा कोर्स, तिथून ओएस (ऑर्डिनरी सीमन, कनिष्ठ खलाशी), मग एबी (एबल सीमन, अनुभवी खलाशी) आणि पुढे बोसन. मी स्वतः डेकवर काम केलं आहे, त्यामुळे इंजिनची बाजू इथे फक्त ओघात येईल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. या क्षेत्रात प्रवेश मिळवणं अवघड नाही, पहिलं जहाज मिळवणं अवघड आहे. प्रशिक्षण पूर्ण करून, सगळी कागदपत्रं फाइलमध्ये लावून, बेलापूर ते बॅलार्ड इस्टेट ऑफिसांचे उंबरे झिजवणारी मुलं मुंबईत कायम दिसतात. त्यामुळे पुढची प्रत्येक पायरी चढताना पहिल्या जहाजाचा विचार डोक्यात ठेवा.

कामाचं खरं रूप

जहाजावर कॅप्टन आणि त्याच्या हाताखाली चीफ ऑफिसर, सेकंड आणि थर्ड ऑफिसर असतात. डेकवरच्या क्रूचा प्रमुख बोसन. आपल्याकडचे जुने लोक त्याला सारंग म्हणत. त्याच्या हाताखाली एबी, म्हणजे अनुभवी खलाशी, मग ओएस आणि सगळ्यात शेवटी ट्रेनी.

जहाज समुद्रात असताना एबी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, पहारा देतो. बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा अशा वॉच, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्या, असतात, आणि चार तासांची वॉच झाली की पुढची आठ तासांनी येते. तिथे त्याचं काम नजर ठेवण्याचं आणि गरज पडेल तेव्हा सुकाणू धरण्याचं. वॉचवर नसलेले लोक बोसनबरोबर दिवसभर डेकवर असतात. गंज खरवडायचा, वायर ब्रश मारायचा, प्रायमर लावायचा, रंग द्यायचा, विंचला (दोर ओढायच्या यंत्राला) ग्रीस भरायचं, सुटा माल नेणारं बल्क जहाज असेल तर माल उतरल्यावर होल्ड, म्हणजे मालाचा कोठा, धुवून पुढच्या मालासाठी तयार करायचा. बंदर आलं की पायलटची, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्याची, शिडी लावायची, दोर काढायचे, जहाज धक्क्याला बांधायचं, आणि मग गँगवेवर, म्हणजे चढ-उताराच्या जिन्यावर, पहारा. पहाटे तीनला मुरिंग (जहाज धक्क्याला बांधणं) आणि सकाळी आठला पुन्हा काम, असे दिवस येतात. ऊन, थंडी, हेलकावे, आणि घरी फोन लागेलच याची खात्री नाही.

हे सगळं मुलाने आणि घरच्यांनी एकत्र बसून ऐकायला हवं. गणवेशातला फोटो आणि डॉलरचा आकडा एवढंच डोळ्यांपुढे ठेवून गेलेली मुलं पहिल्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये खचतात. उलट ज्याला हातांनी काम करायला आवडतं, जो चार वेगवेगळ्या देशांच्या माणसांत मिसळू शकतो, त्याला डेक मनापासून आवडू लागतो. रंगवलेला होल्ड पाहून बोसनने मान डोलावली की जे समाधान मिळतं, ते मी दुसऱ्या कुठल्या नोकरीत पाहिलेलं नाही.

पैसे भरण्याआधी डोळे तपासा

पात्रता तशी सोपी आहे. दहावी उत्तीर्ण, विज्ञान, गणित आणि इंग्रजी हे विषय घेतलेले, एकूण किमान ४० टक्के आणि इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला ४० टक्के. कोर्स सुरू होताना वय साडेसतरा ते पंचवीसच्या दरम्यान हवं. मुलींनाही प्रवेश आहे. त्यांनी मात्र संस्थेची चौकशी करताना वसतिगृहाची सोय स्वतः जाऊन पाहावी आणि आधीच्या बॅचमधल्या मुली कुठल्या कंपनीत लागल्या, ते नेमकं विचारावं.

खरी चाळणी वैद्यकीय तपासणीत लागते. डेकवर जाणाऱ्याची नजर दोन्ही डोळ्यांत ६/६ अपेक्षित असते आणि रंगांधळेपणा मुळीच चालत नाही. याचं कारण साधं आहे. रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे, हिरवा दिसला तर उजवी. एवढ्यावर ते कुठे चाललंय याचा अंदाज बांधायचा असतो. लाल-हिरव्यात गल्लत करणारा माणूस पहाऱ्यावर उभा राहिला तर सगळं जहाज धोक्यात येतं.

रंगांधळेपणा असलेल्या मुलाला तो आहे हे सहसा माहीतच नसतं. म्हणून फी भरण्याआधी, पासपोर्टसाठी धावण्याआधी, डीजी शिपिंगने (केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे जाऊन तपासणी करून घ्या. या डॉक्टरांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर आहे आणि मुंबईत असे बरेच डॉक्टर आहेत. नेहमीच्या चष्म्याच्या दुकानातली तपासणी पुरेशी नाही. ठिपक्यांतून आकडे वाचायची इशिहारा चाचणी झालीच पाहिजे. ‘मेडिकल आम्ही मॅनेज करू’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. ही तपासणी नोकरीभर होत राहते. प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षांचं असतं आणि प्रत्येक कंपनी जहाजावर पाठवण्याआधी पुन्हा तपासते.

याच काळात आणखी दोन कामं उरका. पासपोर्ट काढा. नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच, अक्षर न अक्षर जुळणारं. आडनावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षरावरून पुढे महिनेच्या महिने जातात. दुसरं म्हणजे पोहायला शिका. कोकणातली मुलं विहिरीत शिकतात, मुंबईतल्यांनी दादरचा महात्मा गांधी जलतरण तलाव किंवा जवळचा कुठलाही पालिकेचा तलाव गाठावा. कोर्समध्ये लाइफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायची असते. तिथे पाण्याची भीती घालवत बसायला कुणाला वेळ नसतो.

संस्था निवडताना

प्रवेशपूर्व प्रशिक्षणाचं नाव ‘जनरल पर्पज रेटिंग’, बोलीत जीपी रेटिंग. सहा महिन्यांचा निवासी कोर्स. त्यात डेक आणि इंजिन दोन्हींचं शिकवतात, पुढे कंपनीच्या गरजेनुसार आणि तुमच्या कलानुसार विभाग ठरतो. बॅच सहसा जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. नेरूळच्या ट्रेनिंग शिप चाणक्यचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण ती अधिकारी होणाऱ्या कॅडेटसाठी आहे आणि तिथे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा लागते. जीपी रेटिंगसाठी ती परीक्षा नाही. मुंबईच्या आसपास क्रूचं प्रशिक्षण देणाऱ्या जुन्या संस्थांमध्ये पनवेलजवळच्या न्हाव्याची ट्रेनिंग शिप रहमान आहे. कर्जत-खोपोलीच्या पट्ट्यातही सागरी प्रशिक्षणाच्या संस्था आहेत.

नावावर जाऊ नका. डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे, आणि प्रत्येकीला तपासणीनंतर मिळालेली श्रेणीही तिथे दिसते. एखाद्या संस्थेला मान्यता असते, पण नेमक्या जीपी रेटिंगची नसते, नुसत्या पाच-सहा दिवसांच्या छोट्या कोर्सची असते. यादीत संस्थेच्या नावापुढे कोर्सचं नाव शोधा.

मग एक दिवस प्रत्यक्ष जा. स्वागतकक्षातल्या टाय लावलेल्या माणसाचं ऐकून घ्या आणि नंतर आवारात फिरा. मुरिंगचा सराव करायला खरा विंच आणि खरे दोर आहेत का? लाइफबोट खाली उतरवून दाखवतात की नुसती रंगवून ठेवलीय? वर्कशॉपमध्ये हत्यारं वापरून झिजलेली दिसतात की कपाटात चकचकीत? मेसमध्ये जेवणाऱ्या मुलांशी बोला. मागच्या बॅचच्या चार-पाच मुलांचे फोन नंबर त्यांच्याकडूनच मिळवा आणि थेट विचारा, जहाज मिळालं का, किती महिन्यांनी, आणि त्यासाठी कुणी पैसे मागितले का?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. काही संस्थांमध्ये जहाज कंपन्या स्वतः मुलं निवडतात आणि कोर्सच्या आधी किंवा दरम्यान प्रायोजकत्वाचं पत्र देतात. असं पत्र असलेली जागा थोडी महाग पडली, थोडी लांब असली, तरी तीच घ्या. पत्र कुणाचं आहे, कंपनीचा परवाना चालू आहे का, पत्रात नोकरीचं वचन आहे की नुसतं ‘प्रयत्न करू’ लिहिलंय, हे नीट वाचा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे भिंतीवर लिहिलेलं वाक्य कोर्टात काही कामाचं नाही.

फी लाखांच्या घरात जाते. ती संस्थेच्या नावाच्या बँक खात्यातच भरा आणि पावती घ्या. मधल्या माणसाच्या खात्यात एक रुपयाही टाकू नका. जमीन किंवा दागिने गहाण टाकायची वेळ येत असेल, तर आधी शैक्षणिक कर्जासाठी बँकेत विचारा. बँक संस्थेची मान्यता तपासते, त्यामुळे आपल्यालाही एक जादा तपासणी फुकट मिळते.

सहा महिने

पहाटे पीटी, मग परेड, मग वर्ग, दुपारनंतर प्रात्यक्षिकं, रात्री अभ्यास. पहिले पंधरा दिवस अंग ठणकतं, मग सवय होते. या काळात अंतिम परीक्षेच्या नोट्स पाठ करण्यावर मुलांचा जोर असतो. कोर्सच्या शेवटची परीक्षा मुंबईचं बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स फॉर सीफेअरर्स घेतं आणि ती उत्तीर्ण व्हावीच लागते, हे खरं. पण जहाजावर बोसन तुम्हाला पाठ केलेलं विचारत नाही, हातात दोर देतो. म्हणून चार गोष्टी इतक्या घोटा की झोपेतही जमल्या पाहिजेत.

पहिली, गाठी. बोलाइन, क्लोव्ह हिच, रोलिंग हिच, शीट बेंड, रीफ नॉट. वसतिगृहाच्या खाटेला दोर बांधून रोज सराव करा. बोलाइन डोळे मिटून, एका हाताने, ओल्या दोराने बांधता आली पाहिजे. रोलिंग हिच आली तर स्टॉपर, म्हणजे ताण तात्पुरता पेलणारा छोटा दोर, लावता येतो आणि मुरिंगच्या वेळी ताणाखालचा दोर विंचवरून बिटवर (डेकवरच्या लोखंडी खुंटावर) घेताना स्टॉपरवरच भिस्त असते. आय स्प्लाइस, म्हणजे दोराच्या टोकाला विणलेला फासा, कोर्समध्येच शिकून घ्या. जहाजावर शिकवायला बोसनला वेळ मिळेलच असं नाही.

दुसरी, सुकाणूचे हुकूम. ऑफिसर म्हणतो ‘पोर्ट टेन’, म्हणजे सुकाणू डावीकडे दहा अंश. तुम्ही मोठ्याने तेच परत म्हणायचं, चाक फिरवायचं, आणि सुकाणू दहा अंशांवर आलं की पुन्हा सांगायचं. मिडशिप्स, स्टेडी, स्टारबोर्ड ट्वेंटी, हार्ड अ-पोर्ट. हे हुकूम जगभर एकाच साच्यात दिले जातात, म्हणून तुमचं इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी इथे उच्चार स्पष्ट हवा. घाबरून पुटपुटणारा मुलगा ब्रिजवर टिकत नाही. दोन मित्रांनी मिळून रोज अर्धा तास, एकाने हुकूम द्यायचा, दुसऱ्याने परत म्हणायचा, असा सराव केला तर महिन्याभरात जीभ वळते.

तिसरी, पायलटची शिडी. ही लावणं म्हणजे ट्रेनीचं बारीकसं काम असं समजू नका. बंदराचा पायलट चालत्या बोटीतून उडी घेऊन तुम्ही बांधलेल्या शिडीवर येतो. पायऱ्यांमधलं अंतर ३१० ते ३५० मिलिमीटर, पायऱ्या आडव्या आणि जहाजाच्या अंगाला टेकलेल्या, बाजूचे दोर न झिजलेले. पाण्यापासून चढायची उंची ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर नुसती शिडी चालत नाही, तिला अकोमोडेशन लॅडरची, म्हणजे जहाजाच्या कडेच्या तिरक्या जिन्याची, जोड द्यावी लागते. या नियमांमागे शिडीवरून पडून दगावलेल्या पायलटांचा इतिहास आहे.

चौथी गोष्ट म्हणजे उभं कुठे राहायचं. यावर मला जरा थांबायचं आहे.

डेकवर माणसं कशी मरतात

ताणलेला सिंथेटिक दोर तुटला की साठलेली सगळी ताकद एका क्षणात मोकळी होते आणि तो ज्या दिशेने परत झेपावतो त्या पट्ट्याला स्नॅप-बॅक झोन म्हणतात. तिथे उभा असलेला माणूस बाजूला व्हायला वेळ मिळण्याआधीच आडवा होतो. काही जहाजांवर हा पट्टा रंगवलेला असतो, पण दोर रोलरवरून वळला की झोनही वळतो, म्हणून रंगावर विसंबू नका. ताणाखालच्या दोराला ओलांडू नका, त्याच्या रेषेत थांबू नका, दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवू नका. विंचवर असताना हातमोजा दोराखाली अडकेल असा धरू नका. जुने लोक रागावून सांगतात, ते ऐका. त्यातल्या बऱ्याच जणांनी सोबत्याला जाताना पाहिलेलं असतं.

दुसरा मृत्यू आवाज न करता येतो. टाकी, चेन लॉकर (नांगराची साखळी ठेवायची खोली), बंद होल्ड, दीर्घकाळ बंद असलेली कुठलीही जागा. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातो. बाहेर हवेत तो २०.९ टक्के असतो. आत किती उरलाय हे नाकाला कळत नाही, वास येत नाही, धाप लागत नाही, माणूस दोन श्वासांत कोसळतो. मग त्याला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि तोही जातो, मागून तिसरा. जगभर या अपघातांत वाचवायला गेलेली माणसं मोठ्या संख्येने मेली आहेत. म्हणून नियम पक्का ठेवा. हवा मोजल्याशिवाय, परवान्याचा कागद भरल्याशिवाय, त्या जागेच्या तोंडाशी एक माणूस उभा असल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही. आत कुणी पडलेला दिसला तर आधी अलार्म. एकट्याने आत शिरायचं नाही, तो आपला गाववाला असला तरी. आंतरराष्ट्रीय नियमानुसार बंद जागेतून सुटकेचा सराव दर दोन महिन्यांनी व्हावाच लागतो. तो गंभीरपणे करा.

बोसनने चुकीच्या जागी उतरायला सांगितलं तर ‘नाही’ म्हणायचा हक्क ट्रेनीलाही आहे. हे शांतपणे, आदराने, पण ठाम सांगता आलं पाहिजे. मराठी मुलं इथे कच्ची पडतात, मोठ्या माणसाला नकार द्यायला धजत नाहीत. तो संकोच घरीच ठेवून जा.

कागदपत्रं

कोर्सबरोबर किंवा लगेच नंतर एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे नाविकांच्या प्रशिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या कराराखालचे, मूलभूत कोर्स होतात. समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्राथमिक उपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि जबाबदाऱ्या, आणि जहाजाच्या सुरक्षेचा एक. हा आंतरराष्ट्रीय करार १९७८ चा आहे आणि २०१० मध्ये मनिलाला झालेल्या दुरुस्त्यांनंतर आजच्या रूपात आला. जीव वाचवणं आणि आग विझवणं या दोन्हींची उजळणी दर पाच वर्षांनी करावी लागते. टँकरचे कोर्स मात्र लगेच करू नका. कंपनीने टँकरवर घ्यायचं ठरवलं की मग करा, नाहीतर पैसे अडकून बसतात.

प्रत्येक भारतीय नाविकाला एक इन्डोस क्रमांक मिळतो. तुमचे सगळे कोर्स, सगळी प्रमाणपत्रं या क्रमांकाला जोडलेली असतात आणि डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर इन्डोस क्रमांक आणि जन्मतारीख टाकून तपासता येतात. कोर्स संपल्यावर आपली नोंद तिथे दिसते का ते स्वतः पाहा. दिसत नसेल तर हातातला रंगीत कागद कुठलीही कंपनी मानणार नाही.

मग सीडीसी, नाविकाची सेवापुस्तिका. अर्ज ऑनलाइन होतो, ती देणारं शिपिंग मास्तरांचं कार्यालय मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या नवभवनात आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून चालत पोचता येतं. डीजी शिपिंगचं मुख्य कार्यालय कांजूरमार्ग पूर्वेला आहे. गावाहून आलेली मुलं एकाच्या कामासाठी दुसरीकडे जाऊन दिवस घालवतात, म्हणून आधी संकेतस्थळावर पाहून मगच निघा. सीडीसी दहा वर्षांची असते. पुढे प्रत्येक जहाजावर चढल्या-उतरल्याची नोंद तिच्यात होते, त्यामुळे तुमचं सगळं सेवाआयुष्य या पुस्तिकेत राहणार आहे. तिला पाणी लागू देऊ नका.

यांच्या जोडीला चेहऱ्याच्या बायोमेट्रिक नोंदीसह दिलं जाणारं नाविक ओळखपत्र काढा. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावरच घ्या. प्रमाणपत्र लशीनंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. अमेरिकेचा क्रू व्हिसा कंपनी सांगेल तेव्हा, मुलाखत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) अमेरिकी वाणिज्य दूतावासात.

पहिलं जहाज आणि एजंटांचं जाळं

कायद्याने भारतीय नाविकाला जहाजावर पाठवणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे नाविक भरतीचा परवाना असावा लागतो. त्यांची यादी, परवाना चालू की निलंबित, हे डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर दिसतं. अशी कंपनी नोकरी लावण्यासाठी नाविकाकडून पैसे घेऊ शकत नाही. भारताने २०१५ मध्ये मान्य केलेल्या सागरी कामगार करारातही तेच आहे. पासपोर्ट, सीडीसी, मेडिकल, व्हिसा यांचा ठरावीक खर्च वेगळा, पण ‘सीटसाठी’ पैसे मागणारा माणूस, तो कितीही गोड बोलो, बेकायदा काम करतो आहे.

तरीही मुलं पैसे देतात, कारण घरी बसून वर्ष झालेलं असतं आणि शेजारी विचारतात. मग दुबईचं व्हिजिट व्हिसाचं तिकीट हातात पडतं, परदेशी सीडीसी विकत घेतली जाते, आणि मुलगा अशा बोटीवर पोचतो जिचा मालक कोण हे कुणालाच माहीत नाही. पगार थकतो, पाणी-जेवण संपत येतं आणि बोट सोडता येत नाही, कारण कागदोपत्री तो नाविक म्हणून गेलेलाच नसतो. परवानाधारक कंपनीमार्फत गेलेल्यासाठी मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलं तरी चार महिन्यांपर्यंतच्या पगाराची आणि घरी परतण्याची विमा-हमी असते. ही हमी २०१७ पासून करारात आली. चोरवाटेने गेलेल्याला ती मिळवणं जवळजवळ अशक्य होतं.

म्हणून निघण्याआधी चार गोष्टी हातात हव्यात. सही झालेला नोकरीचा करार, त्यात जहाजाचं नाव, पद, पगार, मुदत. जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक, जो टाकून जहाज खरंच आहे का आणि सध्या कुठे आहे ते इंटरनेटवर पाहता येतं. कंपनीचा परवाना क्रमांक. आणि डीजी शिपिंगच्या प्रणालीत तुमच्या नावावर झालेली नोंद. चारही गोष्टींच्या प्रती घरी ठेवा, आणि घरातल्या एकाला त्या वाचता आल्या पाहिजेत.

जहाज मिळेपर्यंतच्या काळात रिकामे बसू नका. भाऊच्या धक्क्यावर, मांडव्याच्या फेरीवर, मुंबई बंदरातल्या टग आणि बार्जवर अंतर्देशीय जलवाहतुकीची कामं असतात. त्यांची प्रमाणपत्रं वेगळी असतात आणि तो अनुभव परदेशी जहाजासाठी समुद्रसेवा म्हणून धरला जाईलच असं नाही, पण दोराशी हात राहतो. मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे, तिथे बाहेरगावची नाविक मंडळी उतरतात. त्यांच्याशी बोलून कुठल्या कंपन्यांची भरती चालू आहे ते खरंखुरं कळतं. तिथेच पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. कधी गेलात तर ती नावं वाचा.

पहिलं कॉन्ट्रॅक्ट

मुदत सहसा सहा ते नऊ महिन्यांची. ट्रेनीचा पगार कमी असतो. पहिल्या जहाजावर तो मोजत बसू नका, प्रशिक्षण नोंदवही भरत राहा. तिच्यात प्रत्येक कामापुढे ऑफिसरची सही लागते. ब्रिजवर पहाऱ्याला जायची संधी स्वतः मागा. चीफ ऑफिसरला नम्रपणे विचारा, रात्रीची चार तासांची वॉच फुकट केली तरी चालेल, पण ती विश्रांतीत बसली पाहिजे. नियमाने २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळायलाच हवी. तासांच्या नोंदीवर डोळे झाकून सही करू नका.

सहा महिन्यांची समुद्रसेवा आणि भरलेली नोंदवही असेल तर वॉचकीपिंगचं, म्हणजे ब्रिजवर पहारा देण्याचं, प्रमाणपत्र मिळवता येतं. हे मिळालं की तुम्ही ओएस म्हणून खरे कामाचे होता आणि दुसरं जहाज पहिल्यापेक्षा खूप सोपं जातं. पुढे एबीचं प्रमाणपत्र. एसटीसीडब्ल्यूनुसार त्याला वॉचकीपिंगनंतर डेक विभागात १८ महिने लागतात, मान्य प्रशिक्षण केलं असेल तर १२. बोसन होण्याला परीक्षा नाही, कंपनीचा विश्वास लागतो आणि त्याला वर्षं जातात. ज्यांना अभ्यासाची हौस आहे ते समुद्रसेवा साठवून अधिकाऱ्याच्या परीक्षेलाही बसतात. वाट लांबची आहे, पण ती पार करून ब्रिजवर गेलेले क्रूमधले लोक मी पाहिले आहेत आणि ते फार चांगले ऑफिसर होतात.

पैशांचं थोडं. सुट्टीत पगार नसतो, हे घरच्यांना पहिल्या दिवसापासून सांगा, नाहीतर नऊ महिन्यांची कमाई तीन महिन्यांत लग्नकार्यात संपते. आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असेल तर करासाठी अनिवासी ठरण्याचा प्रश्न येतो. दिवसांची मोजणी सीडीसीतल्या नोंदींवरून होते, म्हणून एकदा सनदी लेखापालाकडे बसून समजून घ्या. पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर बॅलार्ड इस्टेटमधल्या सीमेन्स प्रॉव्हिडंट फंडच्या कार्यालयात आपलं खातं आणि वारसाचं नाव बरोबर आहे का ते पाहा.

जहाज सोडताना घाई असते, टॅक्सी खाली उभी असते, विमान चुकेल म्हणून एजंट ओरडत असतो. तरीही सीडीसीत उतरल्याची तारीख, कॅप्टनची सही आणि जहाजाचा शिक्का पडलाय का, समुद्रसेवेचं पत्र मिळालं का, नोंदवहीतल्या सह्या पूर्ण आहेत का, एवढं तपासूनच गँगवे उतरा. एखादी सही राहिली, तर पुढे ते जहाज विकलं गेल्यावर आणि कॅप्टन निवृत्त झाल्यावर ती मिळवायला कुणीच सापडत नाही.